विचारून ठेवलेला हात

बालाघाटाच्या डोंगरात, धारूरच्या बाजूला, एक म्हातारी सुईण राहत होती. गावातली निम्मीअधिक माणसं तिच्याच हातांवर जन्मली होती. पुढे बाळंतपणं सरकारी दवाखान्यात होऊ लागली, तेव्हा तिला वाईट वाटलं नाही. अडलेल्या बाईला रात्रीअपरात्री जीपमध्ये घालून नेणाऱ्यांत तीच पुढे असे. तिच्याकडे उरली ती मालिश: बाळंतिणीचं अंग, तान्ह्याची टाळू, कुणाचा मुरगळलेला पाय, आणि पाळीत कळवळणाऱ्या पोरींची कंबर.

दसरा सरला की डोंगरातली ही गावं ओस पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे बायको आडवी झाली की नवऱ्याचाही दिवस बुडतो. लहान मुलांना सांभाळायला म्हाताऱ्याही सोबत जातात. २०१९ च्या आधीच्या एका हंगामात ही सुईणही तशीच नातू, नातसून आणि दोन वर्षांच्या पणतूबरोबर कृष्णाकाठी, वाळवा तालुक्यात उतरली. रिकाम्या रानात कोप्या पडल्या. पहाटे चारला उठायचं, भाकरी थापायच्या, उजाडायच्या आत फडात शिरायचं. नवऱ्याने तोडायचं, बायकोने सवळायचं, मोळ्या बांधायच्या आणि तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवायची. आडोसा नाही, संडास नाही; पाळीचं कापड बदलायला जागा नाही म्हणून बायका पाणीच कमी पीत.

नातसून बावीस वर्षांची होती. पाळी आल्यापासून पहिला दिवस तिला आडवं पाडी. ओटीपोटातून कळ उठे, कमरेला वेढा घालून मांड्यांत उतरे, एखादी उलटी होई, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं ओसरे. त्या महिन्यात ती फळीवरच डगमगली. मोळी खाली आणि ती मोळीवर. मुकादमाने वहीत खाडा मांडला, पाचशे रुपयांचा. संध्याकाळी नातवाला बाजूला घेऊन म्हणाला, "दर महिन्याला हीच तऱ्हा. पिशवी काढून टाक एकदाची. दोन पोरं झाली का तिचा उपयोग काय? पैसे मी देतो, पुढच्या उचलीत वळते करू."

मुकादमाचं हे बोलणं त्या काळी इतकं सरावाचं झालं होतं की त्यात काही भयंकर आहे असं बोलणाऱ्यालाही वाटत नसे. २०१९ साली आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने नेमलेल्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली, तेव्हा त्यांतल्या १३ हजार ८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. त्यांतल्या कितीतरी जणी अजून तरुण होत्या. हा आकडा वाचून मन सुन्न होतं, आणि सुन्न होऊन चालत नाही म्हणून ही गोष्ट सांगायची.

नातू कोपीत आला आणि त्याने आजीला मुकादमाचं बोलणं सांगितलं. म्हातारी काही बोलली नाही. नातसुनेच्या उशाशी जाऊन बसली. तिने लगेच तेलाला हात लावला नाही.

"कवा आली पाळी? वेळेवर का पुढं जाऊन?"

"येळेवरच. आज सकाळी."

"ताप हाय का? थंडी वाजतीय?"

"न्हाई."

"अंगावर पांढरं जातं? घाण वास येतो? तांबी बसवलीया का?"

"न्हाई, आजी."

"पाळी नसताना दुखतं का कधी?"

"न्हाई. हे दोनच दिस."

"आन् सालोसाल वाढत चाललंय का पहिल्यासारखंच हाय?"

"बाळ झाल्यावर थोडं कमीच झालं."

मग तिने नातवाला पाणी आणायला पाठवलं आणि तो गेल्यावर हळूच विचारलं, नवऱ्याजवळ जाताना आत दुखतं का? नातसून लाजून नाही म्हणाली. म्हातारीचा चेहरा सैल झाला. इतकं झाल्यावर तिने चुलीवर पळी ठेवली. करडीचं तेल, त्यात चिमूटभर ओवा आणि ठेचलेल्या दोन लसूण पाकळ्या. तेल निवत आलं तसा त्याचा थेंब आधी स्वतःच्या मनगटावर टाकून पाहिला.

नातसुनेला तिने डाव्या कुशीवर निजवलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले आणि दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये गोधडीची घडी दिली. पहिला हात नुसता ठेवला. दाबला नाही, चोळला नाही. "श्वास सोड. माझ्यासाठी न्हाई, तुझ्यासाठी सोड." कंबर जरा खाली बसली तेव्हा तळव्याचा गादीचा भाग कमरेखालच्या त्रिकोणी हाडावर टेकवला. श्वास बाहेर जाताना भार द्यायचा, श्वास आत येताना काढायचा. घाई कुठेच नाही. मग कण्याच्या दोन्ही बाजूंनी, हाड सोडून फक्त मांसावर, दोन अंगठे कमरेपासून कुल्ल्यांपर्यंत सरकत गेले. जिथे दोरासारखा ताठरपणा लागला तिथे ती थांबली आणि तो आपणहून सुटेपर्यंत थांबूनच राहिली. कुल्ल्याच्या बाहेरचा खळगा, मांड्यांच्या मागची बाजू, मग पाय. घोट्याच्या आतून चार बोटं वर एक जागा असते, तिथेही दोन्ही पायांना थोडा वेळ दाब दिला. ओटीपोट अगदी शेवटी. तिथे जोर मुळीच नाही. सपाट तळव्याचं जेवढं स्वतःचं वजन तेवढंच, आणि उजवीकडून वर, वरून डावीकडे असं संथ फिरणं. दर थोड्या वेळाने एकच प्रश्न: "बरं वाटतंय का बोचतंय?" बोचतंय म्हटलं की हात तिथून उठे. सगळं मिळून वीसेक मिनिटं. नंतर फडक्यात गुंडाळलेली कोमट वीट पोटाशी.

यात गूढ काही नाही, आणि म्हातारीनेही कधी तसा आव आणला नाही. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू आवळतो, त्याच्या रक्तवाहिन्या आकसतात, स्नायूला रक्त कमी पडतं आणि कळ येते. ज्यांच्यात ही द्रव्यं जास्त, त्यांना कळा जास्त. अवयव बिघडलेला नसतो. तो आपलं काम जरा अति जोराने करत असतो. मालिशीने ती द्रव्यं नाहीशी होत नाहीत. मात्र कळेच्या भीतीने पाठीचे आणि कुल्ल्यांचे स्नायू जे आखडून बसलेले असतात, ते सुटतात. शिवाय कातडीवरून जाणाऱ्या स्पर्शाच्या संवेदना मज्जारज्जूतच वेदनेची वाट अडवतात, ही मांडणी रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघा संशोधकांनी १९६५ साली केली होती. दुखरी जागा आपण नकळत चोळतो ते उगीच नव्हे. विटेच्या शेकालाही आधार आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत, ओटीपोटावर सतत राहणारा सौम्य शेक आयबुप्रोफेनच्या गोळीच्या तोडीचा ठरला.

म्हातारीला गोळीचं वावडं नव्हतं. आशा सेविकेने दिलेली गोळी नातसून कळ असह्य झाल्यावर, उपाशीपोटी घेई आणि मग पोटात जळजळ म्हणून रडे. म्हातारीने दोन गोष्टी बदलल्या. आधी चतकोर भाकरी, मग गोळी. आणि दुखणं शिगेला गेल्यावर नव्हे, चाहूल लागताच. ती द्रव्यं तयार होण्याआधी गोळी पोटात गेली तर तिचं काम सोपं होतं, हे शास्त्र तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. इतक्या वर्षांत बायकांकडे बघून तिला ते कळलं होतं.

नातसुनेला झोप लागली. मग म्हातारीने नातवाला समोर बसवलं.

"हंगाम किती म्हैन्याचा?"

"सहा धर."

"म्हैन्याला दोन खाडे धर. किती झाले?"

"सहा हजार."

"आन् मुकादम आपरेशनाचे किती म्हणतोय?"

"तीस हजार."

"म्हंजे पाच हंगामाचे खाडे एका दिवसात भरायचे, ते बी उचलीच्या कर्जातून. टाके पडल्यावर तिनं मोळी किती दिवस उचलायची न्हाई, ते इचारलं का त्याला?"

नातू गप्प बसला. त्याने काहीच विचारलं नव्हतं. बायकोलाही विचारलं नव्हतं.

शेजारच्या कोपीतली अठ्ठावीस वर्षांची बाई कुडापलीकडून हे ऐकत होती. ती उठून दारात आली. "मला इचारा. माझी चार सालामागं काढली. पाळी गेली, कंबर तशीच दुखतीय. वरून अंगाची आग होते, रात्री घामानं लुगडं भिजतं. आता गुडघं बी गेलं." तिच्या नवऱ्यानेही त्या वेळी कर्जच काढलं होतं, आणि ते अजून फिटलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून म्हातारीने नातवाच्या हाताला वळण लावायला घेतलं. आधी तो कोयता चालवतो तसाच झपाट्याने भार द्यायचा. तिने त्याच्या मनगटावर चापट मारली. "ऊस न्हाई तो. तिचा श्वास बघ, त्याच्या मागनं जा." बाकीचे गडी हसले. हसू पुढच्या पाळीपर्यंतच टिकलं, कारण त्या पाळीत त्याची बायको पहिल्या दिवशी उभी होती. दुखणं गेलं होतं असं नव्हे. रुपयातलं आठ आण्यांवर आलं होतं. मोळी डोक्यावर घेणं तिला जमलंच नाही. ती बसून वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या पेंढ्या, बांधत राहिली आणि नवऱ्याने दोघांच्या मोळ्या चढवल्या. मुकादमाने वही उघडली, काही वेळ तशीच धरली आणि मिटली. त्या दिवसाचा खाडा लागला नाही.

मग संध्याकाळी म्हातारीच्या कोपीसमोर बायका जमू लागल्या. त्यांत एक अडतीस वर्षांची होती, तीन लेकरांची आई. तिचं दुखणं गेल्या दोन वर्षांतलं होतं. आधी असं नव्हतं म्हणाली. पाळीच्या चार दिवस आधीच सुरू होई, नंतरही रेंगाळे, आणि रक्त इतकं जाई की कापडं पुरत नसत. प्रश्नांपाशीच म्हातारीचा चेहरा बदलत गेला. तिने तेल न लावता नुसता हात ओटीवर ठेवला आणि तो तिथेच थांबला. पुढच्या हाडाच्या वर, जिथे मऊ लागायला हवं होतं तिथे, तीन महिने भरलेल्या बाईच्या पोटात लागतो तसा घट्ट गोळा लागत होता. असे गोळे तिने आयुष्यभर ओळखले होते. पण ही तर पाळीत होती.

तिने हात काढून घेतला आणि पदराला पुसला. "हे माझ्या हाताचं काम न्हाई. उद्या सिव्हिलला जाऊ. मी येते संगं."

बाई चिडली. नातसुनेला रोज चोळतेस, मला का नाही? दवाखाना म्हणजे एक दिवस बुडाला, वर गाडीभाडं. शिवाय तिच्या मनात भीती होती ती दवाखान्यात गेलं की पिशवीच काढतात ही, आणि ती भीती खोटी कशी म्हणावी? ती जवळच्या गावातल्या, पायाने बेंबी बसवणाऱ्या एका माणसाकडे गेली. त्याने पिशवी सरकली आहे, पीळ पडला आहे असं सांगून तिच्या कमरेला गुडघा लावून झटका दिला आणि पोटात अंगठे रुतवले. ती परत आली तेव्हा तिला बसता येत नव्हतं.

गर्भाशय असं कुणाच्या अंगठ्याने सरकत नाही आणि बसतही नाही. बंधांनी आणि तळच्या स्नायूंनी ते धरून ठेवलेलं असतं. बहुतेक बायकांत ते पुढे झुकलेलं असतं, काहींत मागे, आणि दोन्ही तऱ्हा नैसर्गिकच. मणक्याला झटके देण्याच्या उपचाराचंही तेच. पाळीच्या दुखण्यावर तो चालतो असा पुरावा नाही, असा निर्वाळा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २००६ साली दिला आहे. पण अंधाऱ्या कोपीत, रक्ताने बेजार झालेल्या बाईला हे कोण सांगणार? 'हे मला जमणार नाही' असं सांगणारी म्हातारी तिला निर्दयी वाटली, आणि 'आत्ता बसवतो' म्हणणारा माणूस दयाळू.

म्हातारीने बोल लावला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने पणतूला नातसुनेकडे सोपवलं आणि एसटीने त्या बाईला सांगलीला नेलं. शेजारच्या कोपीतली बाईही सोबतीला निघाली. निघताना तिने स्वतःच्या ऑपरेशनचे कागद पिशवीत घातले. सिव्हिलमध्ये आधी लघवीची तपासणी झाली, मग सोनोग्राफी. गर्भाशयाच्या भिंतीत मोठी गाठ होती, कर्करोगाची वाटत नव्हती. हिमोग्लोबिन ७ वर आलं होतं. डॉक्टरीणबाईंनी रक्त थांबवायची औषधं दिली, लोहाची औषधं सुरू केली, आणि सगळ्या वाटा मांडल्या: औषधांवर किती दिवस चालेल, नुसती गाठ काढली तर काय, पिशवी काढली तर काय. ठरवायची घाई नाही म्हणाल्या, आधी रक्त भरू द्या.

नंतर त्यांनी दुसरीचे कागद वाचले. तिच्या गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयंही काढलेली होती. चार वर्षं ती ज्या आगीला आणि घामाला नशीब म्हणत होती ती चोविसाव्या वर्षी आलेली म्हातारपणाची लक्षणं होती, आणि हाडं त्याचमुळे झिजत होती. हे तिला तोपर्यंत कुणीही सांगितलं नव्हतं. कागदावर लिहिलेलं होतं, पण तिला वाचता येत नव्हतं. तिच्यासाठीही औषध होतं. उशिरा का होईना, ते तिथून सुरू झालं. परतीच्या एसटीत ती कुणाशीच बोलली नाही. म्हातारीने तिचा हात आपल्या हातात घेतला होता, तालुक्याचं गाव इस्लामपूर येईपर्यंत सोडला नाही.

हंगाम संपून पट्टा पडला. गाठवाल्या बाईने गावी परतल्यावर नवऱ्याबरोबर विचार केला, अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात पुन्हा दाखवलं आणि पिशवी काढून घेतली. अंडाशयं जागेवर ठेवली. गावात कुणीतरी म्हातारीला टोचून बोललं, नातसुनेची पिशवी वाचवलीस आणि हिची काढायला लावलीस. म्हातारी शांतपणे म्हणाली, "हिची बघून काढली. हिला इचारून काढली." आणि दीड महिना रोज संध्याकाळी त्या बाईच्या पायांना तेल लावायला गेली. पोटाला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तिने लावला नाही.

पावसाळ्यात काम कमी असतं. गावातल्या पाच-सहा जणी, नातसून त्यांत पुढे, म्हातारीकडे शिकायला येऊ लागल्या. पहिले कितीतरी दिवस तिने कुणाला तेलाच्या वाटीला शिवू दिलं नाही. नुसते प्रश्न पाठ करायला लावले. ताप, वास, तांबी, दिवस गेलेत का, रक्त किती, दुखणं नवं का जुनं, वाढतंय का. एकीनेही एखादा प्रश्न गाळला की पुन्हा पहिल्यापासून. एक पोरगी वैतागून म्हणाली, "आजी, हे तर दवाखान्यासारखं झालं. हात कवा शिकवणार?" म्हातारी म्हणाली, "हात चार दिवसात येतो गं. कुठं ठेवायचा न्हाई, हे यायला येळ लागतो."

दसऱ्याच्या आधी मुकादम उचल घेऊन आला. नेहमीप्रमाणे तो गड्यांशी बोलायला बसला, पण या वेळी बायकाही येऊन बसल्या. बोलली ती नातसून. पाळीचे पहिले दोन दिवस बाईने मोळी उचलायची नाही, बसून वाढं बांधायचं, खाडा लावायचा नाही. अड्ड्यावर आडोशाची एक कोपी जास्तीची घालायची, तिथे पाणी आणि चूल. आणि कुणी दवाखान्यात गेली तर कागद तिच्या हातात, वाचून दाखवलेले.

मुकादम म्हणाला, अशाने कारखाना मला उचल देणार नाही. नातवाने गेल्या हंगामाचा हिशोब काढला: त्यांच्या कोयत्याने नंतरच्या महिन्यांत किती टन तोडले, किती खाडे वाचले. मुकादमाने वही तपासली. आकडे खरे होते. घासाघीस दुपारपर्यंत चालली. पहिला दिवस त्याने मान्य केला, कोपीही मान्य केली. दुसऱ्या दिवसाचं मात्र ऐकेना. बायकांनी आपसात बोलून ठरवलं, तो दिवस पुढच्या दसऱ्याला मागायचा. मग अंगठे आणि सह्या झाल्या, आणि या वेळी कागदावर बायकांचेही अंगठे होते.